माझ्या गाडीचं इंजिन

१९ ऑगस्ट १९९६, लासुर्णे

गाडी आली. पांढरी, डिझेलची, बारामतीच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी नऊ वर्षं वापरलेली. बिरूनं ती शाळेसमोरून मुद्दाम हॉर्न वाजवत आणली. माझ्या वर्गातली पोरं खिडकीच्या गजांना लोंबकळली, मग मीही पाढे थांबवले.

आई माहेराहून, निरवांगीहून आली होती. तिनं चाकांखाली लिंबं ठेवली, बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. म्हणाली, "नकोशे, गाडी तू घेतलीस खरी, पर चालवाय बिरू हाय म्हनून जमलं." खरंच आहे. तिसरी मुलगी म्हणून माझं नाव नकोशी ठेवलं आणि माझ्या पाठीवर बिरू आला. लहानपणी मी साऱ्या आळीला सांगत सुटायची, बिरूला मी आणलाय.

हे गेले त्याला चार वर्षं होतील. कावीळ डोक्यात गेली त्या दिवशी लासुर्ण्यात एक गाडी मिळाली नाही. जन्मभर एस्टी चालवलेला माणूस उसाच्या ट्रॅक्टरमधून बारामतीला गेला. यांच्या फंडातून गाडी घ्यायची, हे मी तेव्हाच ठरवलं. भाडं मारायचं, पण गावात कोणी आजारी पडलं तर त्याला आधी.

डॉक्टर म्हणाले, "ऑईल वेळेवर बदला, पाणी बघत जा. हे इंजिन तुम्हाला दहा वर्षं हात लावू देणार नाही."

८ सप्टेंबर

आज पहिल्यांदा गाडीतून इंदापूरला गेले. बिरूशेजारी पुढं बसले. मला इंजिनातलं काही कळत नाही, पण यांच्या तोंडून ऐकून ऐकून आवाज तेवढा कळतो. सकाळच्या गारठ्यात अर्ध्या सेल्फला चालू होतं. खालच्या गिअरला खेचताना कण्हत नाही. हे असते तर बॉनेट उघडून उगाच उभे राहिले असते.

बिरू खुशीत आहे. पांढरा शर्ट, खिशाला कंगवा. त्याची बायको प्रतीक्षा चार महिन्यांची गरोदर आहे. "आक्का, आता आपलं दिस पालटलं," म्हणाला.

२० ऑक्टोबर

बिरू तोंड पाडून आला. इंजिन गेलंय म्हणतो. "कांप्रेशन न्हाय, आक्का. डाक्टरनं मीटर मागं फिरवून गळ्यात मारली. शिलिंडर घासून बोअर करावं लागंल, पंप-नोझल बी बगावं लागंल."

मी म्हटलं, परवा तर नीट चालत होती. तर म्हणाला, "डिझेल असंच असतंय. चालतंय तंवर चालतंय, बसलं की बसलं."

त्याच्या ओळखीचं गॅरेज माळेगावच्या रस्त्याला आहे. तिथंच इंजिन उतरवायचं म्हणतो. दोन महिन्यांचा पगार जाईल. जाऊ दे. पण त्या डॉक्टरांचा राग येतो. पांढऱ्या केसांचा माणूस, देवासारखा बोलला आणि विधवेला फसवलं.

२७ ऑक्टोबर

बारामतीला गेले होते, तशीच डॉक्टरांच्या दवाखान्यात शिरले. पेशंट बसलेले होते. त्यांच्यासमोर म्हटलं, "तुमचं इंजिन दोन महिन्यांत बसलं. माझ्या नवऱ्याच्या फंडाचे पैसे होते ते."

डॉक्टर उठून उभे राहिले. "शक्य नाही, बाई," एवढंच म्हणाले. "एकदा गाडी घेऊन या. मला बघू द्या." मी म्हटलं, गाडी उघडून पडलीय गॅरेजात, काय बघणार? आणि आले निघून.

संध्याकाळी बिरूला सांगितलं तर तो चिडला. "कशाला गेलीस तितं? आता झालं ते झालं. म्हाताऱ्या मानसाच्या तोंडाला लागू ने." माझा भाऊ माझ्यापेक्षा समजूतदार आहे, असं वाटलं.

१५ नोव्हेंबर

दिवाळी गाडीविना गेली. आज गाडी परत आली. इंजिन काळं कुळकुळीत रंगवलंय. चालू केलं तर मागून निळा धूर, अख्खी गल्ली खोकायला लागली.

"नवं बोअर हाय," बिरू म्हणाला. "रनिंग हुईस्तोर धूर मारनारच."

पोराला काय काय कळतं! मला आपलं वाटलं होतं की दुरुस्त झाल्यावर आवाज पहिल्यासारखा होईल. आता दगड भरलेला डबा हलवल्यासारखा येतो. रनिंग झाल्यावर सुधारेल.

९ डिसेंबर

बिरूनं माझी गाडी सोडली. माळेगावचे बापूसाहेब म्हणून ऊसवाहतुकीचे ठेकेदार आहेत, त्यांची पेट्रोलची जीप होती. तिला त्यांनी डिझेल इंजिन बसवून घेतलं आणि बिरूला अर्ध्या भागीनं चालवायला दिली. एवढा मोठा माणूस माझ्या भावावर विश्वास टाकतो, याचा अभिमान वाटला. थोडं वाईटही वाटलं, पण त्याचा संसार वाढतोय.

माझ्या गाडीवर आता गेणबा येतात. यांच्याबरोबर इंदापूर डेपोत होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. कमी बोलतात, सकाळी आधी पाणी बघतात, मग पट्टी ओढून ऑईल.

२२ डिसेंबर

आज बिरूच्या जीपमधून बारामतीला गेले. सकाळची थंडी, तरी जीप अर्ध्या सेल्फला चालू झाली. काटेवाडीच्या पुढं उसाच्या बैलगाड्यांची रांग होती, एकेक गाडी मागं टाकताना इंजिन जराही कण्हलं नाही. मी म्हटलं, "बिरू, आपल्या गाडीचं इंजिन पहिल्यांदा अगदी असंच चालायचं रे."

तो म्हणाला, "सगळी डिझेल सारखीच, आक्का," आणि टेपचा आवाज वाढवला.

१२ जानेवारी १९९७

गाडी पुन्हा गॅरेजात. या महिन्यात हे दुसऱ्यांदा. आधी हेड गॅस्केट गेलं, आता ऑईल पाण्यासारखं पिते. सकाळी पोरं धक्का मारतात तेव्हा चालू होते. शाळेतली पोरं तर प्रार्थनेआधी आपणहून येऊन उभी राहतात.

गेणबा आज एकदम म्हणाले, "बाई, एक बोलू का? ही गाडी डाक्टरची हुती तवा म्या बगितलीय. हे इंजिन मला वळखीचं वाटत न्हाय."

मी जरा तोडूनच बोलले. म्हटलं, "बोअर केलंय, रंग दिलाय, ओळखीचं कसं वाटेल?" ते निघून गेले. नंतर वाटलं, बिरूच्या जागी आले म्हणून त्यांना बिरूचं काही खपत नसेल.

आईला संक्रांतीला इकडं ये म्हणून निरोप दिला, गाडी पाठवते म्हटलं. तिनं उलट निरोप पाठवला, गाडीत मळमळतं, एस्टीनं येईन. भाड्याची गाडी घरच्यांनी वापरू नये असंही म्हणाली म्हणे. आईला माझ्या धंद्याची अशी काळजी.

४ फेब्रुवारी

प्रतीक्षाला मुलगा झाला! काल दुपारी कळा सुरू झाल्या. मी शाळेतून फोन करून म्हटलं गाडी पाठवते. बिरू म्हणाला नको, जीप हाय. बारामतीला वेळेवर पोचले, सगळं सुखरूप. आईनं स्वतः फोन केला. लेकाच्या लेकराची आजी झाली.

१६ फेब्रुवारी, निरवांगी

आज बारसं. मी आत्या, म्हणून नाव मीच ठेवायचं. कुर्र करून बाळाच्या कानात सांगितलं, रविराज. एवढेसे कान, केसाळ. त्यानं माझं बोट मुठीत धरलं ते सोडेचना.

आईनं मला जरीकाठाची साडी दिली. मी म्हटलं, "आई, एवढी भारी कशाला?" तर ती एकदम रडायला लागली. बायका म्हणाल्या, नातवाच्या आनंदानं रडतीय. बिरू दारात जीप पुसत होता, घरात आलाच नाही फारसा.

३ मार्च

आज लिहायचं नव्हतं. पण झोप येणार नाही.

साखरबाईंची छकुली पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. साखरबाई शाळेच्या मागं राहतात. हे गेले तेव्हा पंधरा दिवस माझ्या घरात चूल त्यांनी पेटवली होती. छकुली माझ्याच हाताखाली शिकली, चौथीपर्यंत.

सकाळी शाळा भरायच्या वेळेला साखरबाई पळत आल्या. पाणी गेलं होतं, बाळ आडवं असल्याचं सुईण म्हणाली होती, बारामतीशिवाय इलाज नाही. धक्का मारून गाडी चालू केली. मी मागं छकुलीचं डोकं मांडीवर घेऊन बसले. बेलवाडी मागं पडली. सणसर यायच्या आधी बॉनेटखाली कुणी घण घातल्यासारखा आवाज झाला, एकदा, दोनदा, आणि गाडी जागेवर अडली. गेणबांनी सेल्फ मारला. इंजिन फिरेचना.

खाली उतरून हात केले. उसाचे ट्रॅक्टर थांबत होते, पण मागं दोन-दोन ट्रॉल्या, ते काय नेणार? शेवटी दुधाचा टेम्पो थांबला. कॅन उतरवून रस्त्याच्या कडेला ठेवले आणि छकुलीला त्या ओल्या पत्र्यावर निजवलं. ती मोठ्यानं ओरडत नव्हती. "बाई, बाई," एवढंच म्हणत होती.

छकुली वाचली. मुलगी झाली होती. ती नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अर्धा तास आधी आणायला हवं होतं. साखरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या.

९ मार्च

गाडी टोचन लावून इंदापूरला महिपती मिस्त्रींकडं नेली. माळेगावच्या गॅरेजात नको, असं गेणबा म्हणाले आणि या वेळी मी ऐकलं.

महिपती मिस्त्रींनी इंजिन खोललं आणि मला बोलावून घेतलं. "बाई, बोअर किती वेळा केलंय?"

"एकदाच. दिवाळीला."

त्यांनी हात पुसले. "दिवाळीला ह्याला कुनी हात लावल्याला न्हाय. वरून रंग मारलाय नुसता. आन् ह्या ब्लॉकाचं बोअर तीनदा झालंय, आता बोअर कराया लोखंड ऱ्हायलं न्हाय. कनेक्टिंग राड मोडून भाईर आलाय. हे इंजिन पंधरा-वीस वरसं कुठंतरी राबल्यालं हाय. खडी क्रशरला म्हना, न्हायतर इहिरीच्या पंपाला म्हना."

"पण ही गाडीच नऊ वर्षांची आहे."

"म्हून तर इचारतुया," ते म्हणाले. इंजिनावरच्या नंबराची जागा दाखवली. कानशीनं घासून गुळगुळीत केलेली होती.

गेणबा माझ्याकडं बघत उभे होते. त्यांनी त्या वेळी काहीच म्हटलं नाही, याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन.

मला वाटलं, गॅरेजवाल्यानं बिरूला फसवलं. भोळा आहे, कामावर सोडून आला असेल, मागं अदलाबदल केली असेल. उद्या निरवांगीला जाऊन त्याला सांगते. बिचाऱ्याला किती लागेल मनाला.

१० मार्च

एस्टीनं गेले. बिरू अंगणात होता. मी म्हटलं, "बिरू, त्या गॅरेजवाल्यानं आपलं इंजिन चोरलं रे."

तो दचकला नाही. "कसं काय?" असंही विचारलं नाही. आधी आईकडं बघितलं. त्या एका बघण्यात मला सगळं कळलं. तरी मी उभी राहिले, तो काहीतरी वेगळं सांगेल म्हणून.

"आक्का, इंजिन इंजिन असतंय," तो म्हणाला. "तुझी गाडी बी चालतच हुती की. बापूसाहेब म्हनले, चांगलं डिझेल इंजिन आन, जीपमदी तुझी भागी. मला दुसरं काय हुतं द्यायला?"

"माझं इंजिन तुझं होतं द्यायला?"

तो जीपकडं निघून गेला. आई चुलीपुढून उठली नाही. तिथूनच म्हणाली, "त्याला बोलू नगंस. म्या सांगितलं त्याला, घे म्हनून."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"तुला मागं कोन हाय, नकोशे? पगार हाय, पेन्शन हुईल. आज न उद्या तुझं समदं ह्येचंच व्हनार हुतं. वाईच आदी घेतलं, त्यात काय बिगाडलं?"

मी विचारलं, "आई, छकुलीचं लेकरू गेलं, ठाऊक आहे ना तुला?"

"आयकलं. देवाची मर्जी."

"मग प्रतीक्षाला माझ्या गाडीतून का नाही पाठवलं? तू का बसली नाहीस माझ्या गाडीत? मळमळ एस्टीत होत नाही?"

आई राख ओढत राहिली. चूल विझलेली होती. आत रविराज रडायला लागला तेव्हा तिला उठायला कारण मिळालं.

बारा किलोमीटर चालतच आले म्हणायचं, अर्ध्या वाटेत एस्टी मिळाली, पण तिच्यात कधी चढले ते आठवत नाही.

१२ मार्च

शाळेत गेले. भागाकार शिकवले. जरीची साडी पेटीच्या तळाशी टाकली.

खरं सांगायचं तर मला बिरूचा राग येत नाही, येतो तोही असा वरवर. मला सारखं दिसतं ते वेगळंच. संक्रांतीला आई गुडघे दुखत असताना एस्टीनं आली, उभ्यानं आली असेल, आणि माझ्या घरात तिळगूळ खाऊन मला म्हणाली, गोड बोल. तिला ठाऊक होतं की मी रोज त्या गाडीत बसते.

१६ मार्च

गेणबांना घेऊन माळेगावला बापूसाहेबांच्या दारात गेले. ओसरीवर चार माणसं बसलेली. आत बोलू म्हणाले, मी म्हटलं इथंच बोलू. सगळं सांगितलं, छकुलीचंसुद्धा.

ते चिडले नाहीत. "बाई, मी चोरी केलेली नाही. बिरू म्हणाला बहिणीची परवानगी आहे. मी म्हटलं, घरच्या कोणाला तरी येऊन सांगू दे. तर तुमच्या आई आल्या होत्या. ह्याच ओसरीवर बसून चहा घेतला, म्हणाल्या, लेकीनं भावाला दिलंय."

मी पायरीवर बसले. मग त्यांच्या घरातल्या बाईंनी पाणी आणलं.

बापूसाहेबांनी त्या चार माणसांकडं बघितलं आणि म्हणाले, आठ दिवसांत इंजिन तुमच्या मिस्त्रीकडं पोचतं होईल, जीप बिरूकडून काढून घेतो. ते माझ्यासाठी म्हणाले की त्या चार जणांसाठी, कोण जाणे. पण म्हणाले.

येताना बारामतीला डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले. या वेळी बाहेर पेशंटांच्या रांगेत बसले आणि माझा नंबर आल्यावर आत जाऊन माफी मागितली. त्यांनी छकुलीची चौकशी केली. इंजिनाबद्दल एक शब्द काढला नाही.

२३ मार्च

आई आली. या खेपेलाही एस्टीनंच. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"जीप नेली त्येची. तान्हं लेकरू हाय घरात. भावाच्या पोटावर पाय दिलास."

मी म्हटलं, "आत ये, ऊन आहे."

"इंजिन नगं म्हन. अजून बी बापूसाहेब ऐकतील तुझं. तुला दुसरं घीऊन दील बिरू, हप्त्या-हप्त्यानं."

मी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा आईला नाही म्हटलं असेन. तिनं माझ्याकडं बघितलं, परक्या बाईकडं बघावं तसं. मग म्हणाली, "नाव बराबर ठिवलं हुतं तुझं," आणि वळली. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन दारात उभी होते. एस्टी येईपर्यंत ती स्टँडवर उन्हात बसून होती, मला घरातून दिसत होती. मी गेले नाही. तिनंही मान वळवली नाही.

६ एप्रिल

गाडी आली. महिपती मिस्त्रींनी इंजिन बसवून दिलं, रिंगा आणि गॅस्केट नवीन टाकले, पंप साफ केला. "आता दहा वरसं बगायला नगं," म्हणाले. सकाळी सेल्फ मारला, लगेच चालू झालं. पोरं धक्का मारायला आली होती ती हिरमुसली. गेणबा हसले, मीही हसले, मग घरात येऊन रडले.

निरवांगीहून निरोप नाही. रविराज आता मान धरत असेल.

११ एप्रिल

छकुलीला आज तपासायला बारामतीला न्यायचं होतं, हे मला कळलं होतं. म्हणून मी रजा टाकली आणि गाडी घेऊन स्टँडवर गेले. साखरबाई लेकीला सावलीत बसवून उभ्या होत्या, हातात गाठोडं. छकुली फार वाळलीय.

महिनाभर आम्ही समोरासमोर आलो नव्हतो. खाली उतरून म्हटलं, "साखरबाई, चला. मीपण येते."

"नगं बाई. एस्टी यील आता."

मग मी सगळं सांगून टाकलं, तिथंच, रस्त्यावर. भावानं काय केलं, आईनं काय केलं, आता मूळचं इंजिन बसवलंय, मिस्त्रींनी खात्री दिलीय. बोलताना मला वाटत होतं, त्यांना कळलं की त्या मला जवळ घेतील. माझाही घात झालाय, एवढं कुणीतरी म्हणावं, असं वाटत होतं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तुमच्या घरातलं तुमच्या घरात, बाई," त्या म्हणाल्या. "मला तुमचा भाऊ म्हाईत न्हाय. मला तुमी म्हाईत."

"पण आता गाडी खरंच चांगली आहे."

"त्या दिशी बी तुमी आसंच म्हनलावता. छकुलीला गाडीत घेताना. 'घाबरू नका, गाडी चांगली हाय.'"

म्हटलं होतं. त्या दिवशीचं सगळं इथं लिहिलं, फक्त हे एक वाक्य लिहिलं नव्हतं.

एस्टी आली. साखरबाईंनी आधी छकुलीला चढवलं, मग गाठोडं वर दिलं, मग दांडा धरून स्वतः चढल्या. एस्टी गेल्यावर गेणबांनी काच खाली केली आणि विचारलं, "बाई, कुठं जायचं?"

इंजिन चालूच होतं, एकसारखं, न अडखळता.